रतनवाडीत मुक्काम करायचाय? आधी हे वाचा

नवी मुंबईकरांनो, हिवाळ्यात डोंगरातल्या साध्या घरात रात्र काढायची असेल तर अकोले तालुक्यातली रतनवाडी गाठा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला; अभयारण्य 1986 सालचं. गावावरचा रतनगड किल्ला (1297 मीटर) त्याच अभयारण्यात येतो.

गाडी नसेल तर वाशी किंवा नेरूळहून ठाणे, तिथून कसारा लोकल. पुढे घोटीमार्गे शेंडी, म्हणजेच भंडारदरा. खरी अडचण शेंडीनंतर. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला जायला वाहन मिळेलच असं नाही, म्हणून मुक्कामाच्या घरमालकांशी आदल्या दिवशीच बोलून जीप ठरवून ठेवा. जेवणाचंही तेव्हाच सांगा; आयत्या वेळी पोचून भाकरी-पिठलं मागणं बरं नव्हे. रोख पैसे जवळ असू द्या, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.

गडावर गुहा आहेत आणि बरेच जण तिथे झोपायचा बेत करतात. माझं मत विचाराल तर गावातच राहा. गावाला चार पैसे मिळतात, तुम्हाला गरम जेवण मिळतं, आणि पहाटे निघालात की गडावर चढायच्या शिड्यांवर गर्दी नसते. तरी वरच राहायचं असेल, तर वनविभागाच्या नाक्यावर परवानगीचं आधी विचारा. चुलीसाठी जंगलातलं लाकूड तोडायचं नाही. गडावरच्या नेढ्यात (कातळातल्या आरपार भोकात) वारा जोरात असतो, तेव्हा टोपी सांभाळा (सेल्फीवालेही!).

अमृतेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर गावातच आहे, त्यासाठी तासभर राखून ठेवा. काजव्यांसाठी जायचं असेल तर मेअखेर ते जून. तेव्हा वनविभागाचे नियम पाहूनच निघा आणि टॉर्च झाडांवर मारू नका.