बूच लावण्याआधी

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या आणि वसईतल्या कितीतरी घरांत काळ्या द्राक्षांची बरणी कोपऱ्यात तोंड बांधून ठेवलेली असते. तिला कान लावला तर आतली चुरचुर ऐकू येते. ती यीस्टची करामत. ही एकपेशीय बुरशी साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड सोडते. हिशेब थक्क करणारा आहे: साखरेचं जवळपास निम्मं वजन वायू होऊन उडून जातं! लिटरभर रसात २०० ग्रॅम साखर असेल, तर ती संपेपर्यंत सुमारे ५० लिटर वायू निघतो आणि मागे जेमतेम १२ टक्के मद्यार्क उरतो.

चुरचुर थांबली, साका तळाशी बसला, की बाटल्या भरायच्या. बरणी ओट्यावर, बाटली खाली, मध्ये रबरी नळी. नळीचं वरचं टोक साक्याच्या वर धरायचं आणि खालचं बाटलीच्या तळापर्यंत सोडायचं, म्हणजे धार शिंतोडे न उडवता चढते. ओतताना खळखळाट झाला की हवा मिसळते, आणि हवा मिळाली की ॲसिटिक जिवाणू मद्यार्काचं व्हिनेगर करायला बसलेलेच असतात.

पण खरी गंमत, आणि खरा धोका, बूच लावल्यावरचा. आपल्याला वाइन गोड आवडते. डिसेंबरच्या गारठ्यात यीस्ट नुसतं सुस्तावलेलं असतं, चुरचुर थांबते आणि आपण समजतो, झालं! चैत्राचं ऊन तापलं की ते पुन्हा कामाला लागतं. बंद बाटलीत लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली, तरी दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. २४ ग्रॅमला सहा, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. शॅम्पेन हेच मुद्दाम करते, पण जाड काचेत. १६६२ मध्ये ख्रिस्तोफर मेरेटने लंडनच्या रॉयल सोसायटीला सांगितलं होतं, की वाइन फसफसती करायला तिथले व्यापारी तिच्यात साखर घालतात. साध्या सरबताच्या बाटलीवर तो प्रयोग नको.

चाखताना घाई करू नये. नुकतीच भरलेली वाइन बऱ्याचदा मुकी लागते. काही आठवड्यांनी वास खुलतो. कधी त्यात चक्क केळं असतं! बरणीत केळं कुणीच घातलेलं नसतं, तो वास यीस्टने घडवलेल्या एस्टरचा. मग जीभ कोरडी पडते, कारण सालीतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं.

साखर संपली का, हे जिभेला विचारू नका. आंबटपणा तिला फसवतो. वाइनमध्ये घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडा. आकडा १.००० च्या जरा खाली येऊन काही दिवस तिथेच राहिला, तर बूच लावा. वाइन गोडच ठेवायची असेल, तर बाटली फ्रिजमध्ये, बूच सैल, आणि लवकर संपवा. महाराष्ट्रात असाल तर एवढंही ध्यानात ठेवा: परवान्याविना घरी मद्य करणं इथे कायद्यात बसत नाही.