बांध एक, रेघा दोन



ऊस नोंदीच्या वेळी चिटबॉय मोबाईल घेऊन तुमच्या उसाभोवती फेरी मारतो. फेरी पुरी झाली की क्षेत्राचा आकडा दिसतो आणि आपण म्हणतो, झाले काम. पण अशा शेकडो फेऱ्या एका नकाशावर शेजारी शेजारी मांडल्या की गंमत कळते. कुठे दोन शेतांमध्ये फट राहते, कुठे एक शेत दुसऱ्यावर चढून बसते.

आमच्याकडे एका गटात दोन शेजारी सभासदांची क्षेत्रे अशीच एकमेकांवर चढलेली निघाली. दोघेही म्हणाले, "माझं बरोबर हाय." मोबाईल दोन-चार मीटर सहज चुकतो, म्हणून जागेवर जाऊन टेप लावली. तर दोघेही खरेच बोलत होते! मधला सामाईक बांध दोघांनीही आपापल्या शेतात धरला होता. ३३० फूट लांब, सव्वातीन फूट रुंद. म्हणजे जवळजवळ गुंठा झाला (३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट). एकरी ४० टन धरले तर कागदावर एक टन ऊस वाढला, जो रानात नाहीच. काट्यावर तो उघडा पडेल, पण तोवर तोडणीचा कार्यक्रम त्याच आकड्यावर बसवलेला असतो.

आपल्याकडे हे एका टनाचे प्रकरण. वसई-विरारकडे तोच गुंठा केवढ्याला जातो, ते सांगायला नको. एके काळी वसईच्या वाड्यांतही ऊस होता. पुढे केळी, पानवेली, फुले राहिली, अन् आता इमारती. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा अन् आसपासची गावे मिळून २००९ साली तिथे महानगरपालिका झाली. मुंबई-अहमदाबाद जलद रेल्वेचे एक स्थानकही विरारला ठरले आहे. अशा कामांत जमीन जाते तेव्हा मोबदला क्षेत्रावर मिळतो. सर्व्हे नंबर, त्याचे हिस्से, हिश्श्यांचे पुन्हा तुकडे. टिपण जुने, फाळणी नकाशा वेगळ्या काळातला. १:१०,००० मापाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाड रेघ म्हणजे जागेवर ५ मीटर! ती रेघ दोघांनी दोनदा गिरवली की मधला चिंचोळा पट्टा कुणाचा, हा वाद उभा राहिलाच म्हणून समजा.

यावर संगणकात तपासणीची सोय आहे. क्यूजीआयएस नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे, तिला नियम सांगायचे: दोन तुकडे एकमेकांवर चढू नयेत, मध्ये फट नसावी, एकच तुकडा दोनदा नसावा. ती चुकीच्या जागा दाखवून देते. फेरी मारताना पाऊल आडवे पडून रेघ स्वतःलाच छेदून गेली, आकृती इंग्रजी आठासारखी झाली, तर तेही पकडते. ही चूक फसवी असते. एका फुग्याचे क्षेत्र दुसऱ्यातून वजा होऊन आकडा भलताच कमी येतो.

मात्र यंत्राला रान दिसत नाही. वसईकडे दोन शेतांमधली फट ही खाडीचा फाटा असू शकते, आपल्याकडे ती पाणंद किंवा ओढा असतो. ती चूक नव्हेच. काही ठिकाणी घाईने सगळ्या फटी आपोआप मिटवून टाकतात. मग पाणंद कुणाच्या तरी शेतात जाते आणि पुढल्या हंगामात उसाची गाडी अडते. आमचे मत असे, की खूण संगणकाने करावी अन् निकाल बांधावर, दोन्ही शेजाऱ्यांसमोर व्हावा. हद्दीचा कायदेशीर निकाल अर्थात भूमी अभिलेखच्या मोजणीनेच लागतो, चिटबॉयच्या फेरीने नव्हे.

तेव्हा नोंदीला चिटबॉय आला की शेजाऱ्यालाही हाक मारा. पोटखराबा, विहीर, गोठा हे आधीच सांगा. बांधाच्या मधोमध चाला, अन् शेजाऱ्याच्या फेरीलाही तोच मध्य धरायला सांगा. वर सांगितलेल्या दोघा सभासदांनी तेच केले, अन् दोघांच्याही नोंदीतून अर्धा-अर्धा गुंठा कमी झाला. एकाने विचारले, "मग आमचा शेअर तर कमी होत न्हाई ना?" नाही हो, शेअरचा त्याच्याशी संबंध नाही.