संच, वही आणि रिकामा रकाना

कलाशाखेच्या अंकात संगणकाच्या आज्ञावलीवरचा लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु येथे मांडावयाचा प्रश्न यंत्राचा कमी आणि तर्कशास्त्राचा अधिक आहे. ‘नाही’ अशी नोंद असणे आणि नोंदच नसणे, या दोन गोष्टी एकच का?

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुराभोवती स्थापिलेली ६८ लिंगे आपणांस ठाऊक आहेतच. संक्रांतीच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या दिवशी त्यांना तैलाभिषेक होतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ही सर्व लिंगे सवडीने पाहावयाची ठरविली आणि पाहून झालेल्यांचा हिशोब ठेवण्यासाठी ‘गो’ या भाषेत आज्ञावली लिहावयास घेतली.

गो ही भाषा गूगल कंपनीने २००९ साली जाहीर केली. तिच्यात गणितातल्यासारखा तयार ‘संच’ नाही. आहे तो ‘मॅप’, म्हणजे दोन रकान्यांची वही. डावीकडे किल्ली, उजवीकडे तिचे मूल्य. एक किल्ली दोनदा लिहिता येत नाही, त्यामुळे डावा रकाना आपोआप संचच होतो. मग उजव्या रकान्यात काय लिहावे?

पुष्कळ जण तेथे ‘बूल’ ठेवतात, म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाही’. यात एक मोठी सोय आहे. वहीत नसलेले नाव विचारले तरी गो तक्रार न करता ‘नाही’ असे उत्तर देते, त्यामुळे ‘अमृतलिंग पाहिले का?’ हा प्रश्न एका ओळीत विचारता येतो. पण आपल्या विद्यार्थ्याने उत्साहाने आधीच ६८ नावे लिहून प्रत्येकापुढे ‘नाही’ भरले, तर? वहीची लांबी विचारताच उत्तर येईल ६८, आणि गृहस्थ अजून घराबाहेरही पडलेले नसतील! लांबी मोजताना गो फक्त डावा रकाना पाहते. शिवाय ‘अमृतलिङ्ग’ असे निराळ्या लेखनाने विचारले, तरी उत्तर ‘नाही’च. न पाहिलेले लिंग आणि वहीत नसलेले नाव यांतला भेद त्या उत्तरात बुडून जातो.

दुसरी रीत रिकाम्या ‘स्ट्रक्ट’ची. या मूल्यात काहीच मावत नाही, त्याचा आकार शून्य बाइट. नाव वहीत आहे म्हणजे पाहिले. नाही म्हणजे नाही. खोटी नोंद करावयास जागाच उरत नाही. मात्र विचारणा करताना ‘सापडले की नाही’ हे दुसरे उत्तर मुद्दाम मागून घ्यावे लागते, आणि लिहिणे थोडे बोजड दिसते. जावा भाषेतील ‘हॅशसेट’ही आतून अशीच वही आहे, तिच्या उजव्या रकान्यात सर्वत्र एकच बुजगावणे उभे असते.

या रीतीचे समर्थन बहुधा स्मृतीच्या बचतीवर केले जाते. मला ते लंगडे वाटते. गोच्या १.२३ पर्यंतच्या आवृत्त्यांत आठ-आठ नोंदींचे कप्पे असत आणि बूलमुळे दर कप्प्यास आठ बाइट वाढत. आपल्या ६८ नावांना हा फरक दीडशे बाइटांच्या आसपास पडतो. एकट्या ‘अमृतलिंग’ या शब्दालाच युटीएफ-८ पद्धतीत २४ बाइट लागतात, म्हणजे सारी बचत अशा सहा नावांएवढी! फेब्रुवारी २०२५ मधील १.२४ आवृत्तीत तर आतली मांडणीच बदलली. लाखो नोंदी असतील तेव्हा बाइट अवश्य मोजावेत, येथे नको.

निवड प्रश्नावरून करावी. ‘कोणती पाहिली?’ एवढेच हवे असेल, तर तो खरा संच. तेथे रिकामा स्ट्रक्ट घ्यावा. ‘या ६८ पैकी प्रत्येकाची स्थिती काय?’ असे हवे असेल, तर बूल योग्यच, कारण तेथे ‘नाही’ ही स्वतंत्र माहिती आहे. पण मग त्या वहीला संच म्हणू नये. तो आपल्या वर्गातल्या हजेरीपटाचा भाऊ झाला. पटावर नाव असून गैरहजर असलेला विद्यार्थी निराळा आणि ज्याने प्रवेशच घेतला नाही तो निराळा, हे प्राध्यापकांना सांगावयास नको.