विश्लेषण : जुन्या चांदीच्या ब्रोचवरचा सिंह काय सांगतो? कारागीर आणि वर्ष कसे ओळखतात?

आजी-पणजीच्या पेटीत नथ, वाकी, तोडे यांच्यासोबत कधी कधी एक वेगळाच दागिना सापडतो : खांद्यावर साडीचा पदर अडकवण्याचा चांदीचा ब्रोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत मुंबईतील पारशी आणि सुशिक्षित मराठी घरांतील स्त्रियांच्या खांद्यावर तो दिसतो. आज तो फारसा कुणी वापरत नाही, म्हणून थेट सराफाच्या काट्यावर जातो. काही ग्रॅम चांदी, वजा घट, एवढाच हिशेब होतो आणि ब्रोच मोडीत निघतो. मात्र तो ब्रिटनमध्ये घडलेला असेल, तर त्याच्या मागे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे शिक्के असू शकतात. ते वाचता आले तर त्याचे शहर, वर्ष आणि अनेकदा कारागीरही कळतो.

चार शिक्के कोणते?

ब्रिटिश चांदीवर साधारण चार खुणा एका ओळीत असतात. पहिली शुद्धतेची. पुढचा पंजा उचलून चालणारा सिंह दिसला, तर ती इंग्लंडमध्ये तपासलेली स्टर्लिंग चांदी, म्हणजे हजार भागांत किमान ९२५ भाग शुद्ध चांदी. ही खूण १५४४ पासून वापरात आहे.

दुसरी खूण शहराची. दागिना ज्या तपासणी कार्यालयात (अ‍ॅसे ऑफिस) पाठवला गेला, त्याचे हे चिन्ह. बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचे बिबट्याचे मुख, एडिंबर्गचा किल्ला, चेस्टरच्या तीन गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार. शेफील्डचे चिन्ह १९७५ पर्यंत मुकुट होते, नंतर गुलाब आले. तिसरी खूण वर्षाच्या अक्षराची आणि चौथी कारागिराच्या आद्याक्षरांची.

यातील काही खुणा एकट्यानेही काळ सांगतात. चेस्टरचे कार्यालय १९६२ मध्ये आणि ग्लासगोचे १९६४ मध्ये बंद झाले. त्यामुळे त्यांचा शिक्का असलेला ब्रोच त्यानंतरचा असूच शकत नाही. राजा किंवा राणीचे मुख असेल, तर ती कर भरल्याची खूण. ती १७८४ ते १८९० या काळातच मारली जात होती.

एकच अक्षर, पण वर्षे वेगळी?

सर्वाधिक चुका इथेच होतात. प्रत्येक कार्यालय दरवर्षी एक अक्षर बदलत असे. वर्णमाला संपली की अक्षराचे वळण किंवा भोवतीच्या चौकटीचा आकार बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. मात्र प्रत्येक शहराचे चक्र वेगळे होते.

उदाहरणार्थ, इंग्रजी लहान लिपीतला साधा ‘ई’. लंडनमध्ये हे चक्र १८९६ ला ‘ए’पासून सुरू झाले, म्हणून तिथे ‘ई’ म्हणजे १९००. बर्मिंगहॅममध्ये ते १९०० ला सुरू झाले, म्हणून तिथे तोच ‘ई’ म्हणजे १९०४. बर्मिंगहॅममध्ये १९२५ पासून मोठ्या लिपीतली अक्षरे आली. म्हणजे लहान-मोठ्या लिपीतला फरक चुकला, तर पंचवीस वर्षांचा घोळ होतो. म्हणून क्रम पक्का ठेवावा : आधी शहर, मग अक्षराचे वळण, मग चौकट आणि शेवटी वर्ष.

आणखी एक बारकावा. १९७५ पूर्वी बर्मिंगहॅमचे अक्षर जुलैमध्ये बदलत असे. त्यामुळे ‘१९०४’ याचा अर्थ जुलै १९०४ ते जून १९०५ असा घ्यावा लागतो.

कारागीर कसा सापडतो?

आद्याक्षरे तपासणी कार्यालयात नोंदवलेली असत. पण तीच आद्याक्षरे दोन वेगळ्या कारागिरांची असू शकतात. म्हणून अक्षरांसोबत शहर आणि चौकटीचा आकारही जुळवून पाहावा लागतो.

‘सी. एच.’ ही आद्याक्षरे आणि चेस्टरचा शिक्का एकत्र दिसला, तर संग्राहकांना पहिले नाव आठवते ते हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर यांचे. त्यांचा मृत्यू १८९६ मध्ये झाला, पण मुलांनी व्यवसाय वाढवला आणि नाव तेच राहिले. निळ्या-हिरव्या मीनाकामाचे, नागमोडी रेषांचे त्यांचे ब्रोच विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहेत. म्हणजे ‘चार्ल्स हॉर्नर’चा १९१० चा ब्रोच स्वतः चार्ल्स यांनी घडवलेला नसतो. तो त्यांच्या कारखान्याचा असतो.

शिक्का ज्याचा, कारागीर तोच का?

नेहमीच नाही. कायद्याच्या दृष्टीने हा शिक्का दागिना तपासणीला पाठवणाऱ्याचा असतो. तो कारागीर असेल, कारखानदार असेल किंवा दुकानदारही. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील लिबर्टी अँड कंपनी हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १८९९ पासून या कंपनीने आपल्या शिक्क्याने चांदीचे दागिने बाजारात आणले. त्यातल्या अनेकांचे रेखाटन आर्चिबाल्ड नॉक्स यांचे होते आणि घडण बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. एच. हॅसलर यांच्या कारखान्यातली. दागिन्यावर नाव मात्र दुकानाचे. नॉक्स यांचे काम आज मुख्यतः रेखाटनाच्या शैलीवरून आणि जुन्या नोंदींवरून ओळखावे लागते.

शिक्केच नसतील तर ती चांदी नाही?

असा निष्कर्ष घाईचा ठरेल. ब्रिटनमध्ये १७९० च्या कायद्यानुसार पाच पेनीवेटपेक्षा, म्हणजे सुमारे ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीच्या अनेक वस्तूंना सूट होती. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील अनेक छोट्या ब्रोचवर शिक्का नसतो. अशा वेळी सराफाकडे कस तपासून घ्यावा आणि वयासाठी घडण पाहावी.

टाचणी अडकवण्याचा हुक साधा, उघडा, अर्ध्या कड्यासारखा असेल आणि टाचणीचे टोक ब्रोचच्या कडेबाहेर येत असेल, तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकातला किंवा विसाव्याच्या अगदी सुरुवातीचा. फिरवून बंद होणारा सुरक्षित हुक विसाव्या शतकात रूढ झाला. मात्र टाचणी नंतर बदललेली असू शकते. जोडाजवळ राखाडी डाग दिसला तर तो डाख नंतरचा असण्याची शक्यता असते.

मागे ‘आर. डी.’ आणि पुढे आकडा असेल, तर ती रेखाटनाची नोंदणी. हे क्रमांक १ जानेवारी १८८४ पासून सुरू झाले आणि १९०० च्या सुरुवातीला साडेतीन लाखांवर गेले होते. दागिना त्या नोंदणीपूर्वीचा नसतो, नंतरचा मात्र असू शकतो.

इतर खुणांचा अर्थ काय?

- फक्त ‘९२५’ : व्हिक्टोरियन ब्रिटिश ब्रोचवर हा आकडा अपेक्षित नाही. ब्रिटनमध्ये १९०४ पासून तो आयात चांदीवर दिसतो.
- ‘८००’ सोबत चंद्रकोर आणि मुकुट : जर्मनी, १८८८ नंतर.
- रानडुकराचे मुख : फ्रान्स, पॅरिस, १८३८ ते १९६२.
- ‘ई. पी. एन. एस.’ : निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा.
- ‘जर्मन सिल्व्हर’ : तांबे, निकेल आणि जस्त. यात चांदी नसते.

भारतात घडलेला असेल तर?

ब्रिटिश भारतात ब्रिटनसारखी सक्तीची तपासणी नव्हती. त्यामुळे येथील बऱ्याच चांदीवर वर्षाचे अक्षर नसते. काही कारागीर स्वतःचा ठसा मारत. भूजचे ओमरसी मावजी यांच्या कामावर ‘ओ. एम.’ आणि ‘भूज’ हे ठसे इंग्रजीत दिसतात. काही ठिकाणी ब्रिटिश शिक्क्यांसारख्या दिसणाऱ्या खुणाही मारल्या जात. म्हणून हत्ती किंवा नुसते अक्षर दिसले, की ब्रिटिश तक्त्यात वर्ष शोधू नये.

सराफाकडे जाण्यापूर्वी काय करावे?

ब्रोच घासू नये. टूथपेस्ट, रांगोळी किंवा चिंच लावून चांदी चमकवण्याची घरोघरी सवय असते. घासण्याने उथळ शिक्के झिजतात आणि चिंचेच्या आम्लाने मीनाकाम खराब होऊ शकते. मऊ, कोरड्या कापडाने पुसणे पुरे.

दिवसाच्या तिरप्या उजेडात दहापट भिंगाने मागची बाजू, हुक आणि टाचणी पाहावी. मोबाइलच्या मॅक्रो मोडमध्ये दोन-तीन कोनांतून फोटो घ्यावेत. बर्मिंगहॅम आणि लंडनची तपासणी कार्यालये आजही सुरू आहेत आणि अक्षरांचे तक्ते इंटरनेटवर मोफत मिळतात. शिक्के, रेखाटन आणि घडण या तिन्हींचा काळ जुळला तरच वर्ष पक्के मानावे. एकही विसंगत असेल, तर दुरुस्ती किंवा बनावट यांची शंका घ्यावी.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी सक्तीचा आहे. जुन्या ब्रोचला असा क्रमांक नाही. त्याची ओळख त्या चार शिक्क्यांतच आहे आणि एकदा मुशीत गेल्यावर ती कुठल्याही नोंदीतून परत मिळत नाही. वजनाचा भाव उद्याही मिळेल, आधी भिंग काढावे.