आजोबांचं 'पायलट जॅकेट' खरंच महायुद्धातलं आहे का? असं ओळखा त्याचं वय

जुन्या वस्तू विकणाऱ्या पेजवर मधूनच एखादी पोस्ट दिसते. तपकिरी चामड्याचं जॅकेट, कोपरावर झिजलेलं, पाठीवर रंगवलेलं विमान आणि खाली एक ओळ: 'दुसऱ्या महायुद्धातलं ओरिजिनल, किंमत इनबॉक्समध्ये'. कधी असंच जॅकेट घरातल्या जुन्या ट्रंकेत सापडतं आणि 'हे आजोबांनी लढाईतून आणलं' एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं.

दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच, हे नेमकं कधीचं? विकत घेणाऱ्याचे त्यात पैसे अडकलेले असतात आणि घरच्यांची आठवण. चांगली गोष्ट म्हणजे याचं उत्तर बरेचदा जॅकेटवरच लिहिलेलं असतं. फक्त ते कुठे वाचायचं हे माहीत हवं.

जुनं दिसतं म्हणजे जुनं असतं का?

नाही. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं मुरुड घ्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं हे गाव अगदी समुद्राला लागून आहे. अशा गावात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपला, पट्टे, पाकिटं यांच्यावर पांढरी बुरशी कशी चढते ते कुणाला सांगायला नको. हवेत खारटपणा, त्यात दमटपणा. दहा वर्षांपूर्वी घेतलेलं जॅकेट इथे तीन-चार पावसाळे बंद कपाटात राहिलं, तर त्याला डाग पडतात, अस्तर पिवळं होतं, धातूची चेन गंजते. फोटोत ते सहज ऐंशी वर्षांचं वाटेल.

उलट कोरड्या हवेत नीट जपलेलं १९४२ चं जॅकेट आजही चांगलं दिसू शकतं. म्हणून चामड्याच्या सुरकुत्यांवरून वय ठरवू नका.

आधी प्रकार ओळखा

वैमानिकांची गाजलेली चामडी जॅकेटं मुख्यतः तीन.

ए-२: अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने हे १९३१ मध्ये स्वीकारलं. समोर झाकण असलेले दोन खिसे, शर्टासारखी कॉलर, खांद्यावर पट्ट्या, मनगटाला आणि कमरेला विणलेली लोकरी पट्टी. पाठ चामड्याच्या एकाच तुकड्याची. बहुतेक जॅकेटं घोड्याच्या चामड्याची, काही बकरीच्या. १९४३ मध्ये अमेरिकेने याच्या नव्या ऑर्डर थांबवल्या आणि कापडी जॅकेटं आणली.

जी-१: हे अमेरिकी नौदलाचं. कॉलर केसाळ, पाठीला खांद्यांजवळ हात मोकळे हलावेत म्हणून घड्या. १९८६ च्या 'टॉप गन' सिनेमात टॉम क्रूझने घातलेलं जॅकेट याच जातीचं. युद्धकाळात नौदलाच्या अशा जॅकेटांना वेगळे क्रमांक होते, 'जी-१' हे नाव युद्धानंतरचं. म्हणजे लेबलवर 'जी-१' छापलेलं असेल, तर ते दुसऱ्या महायुद्धातलं नाही.

अर्विन: ब्रिटिश हवाई दलाचं जाडजूड, आतून मेंढीची लोकर असलेलं जॅकेट. पॅराशूट बनवणारे लेस्ली अर्विन यांनी ते १९३० च्या दशकात आणलं. सुरुवातीची जॅकेटं मोठ्या तुकड्यांची आहेत. पुढे युद्धात कातडं वाया जाऊ नये म्हणून लहान तुकडे जोडायला सुरुवात झाली.

लेबल काय सांगतं?

ए-२ चं लेबल कॉलरखाली आतल्या बाजूला असतं. त्यावर प्रकार, आराखड्याचा क्रमांक ३०-१४१५, ऑर्डरचा क्रमांक आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव मिळतं. ऑर्डर क्रमांक '४२-१५१४२-पी' असा असेल, तर पहिले दोन आकडे आर्थिक वर्षाचे. तेव्हा अमेरिकेचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू व्हायचं, म्हणून ४२ म्हणजे जुलै १९४१ ते जून १९४२. लक्षात ठेवा, ही तारीख ऑर्डरची आहे. जॅकेट प्रत्यक्ष शिवलं गेलं ते नंतर.

पुढच्या काळातली लेबलंही तारीख सांगतात:

- कराराचा क्रमांक 'डीएसए'ने सुरू होत असेल, तर जॅकेट साधारण १९६२ ते १९७७ मधलं. ही अमेरिकी सैन्याची खरेदी संस्था होती.
- 'डीएलए' असेल तर १९७७ नंतरचं, कारण त्या वर्षी संस्थेचं नाव बदललं.
- तेरा आकडी साठा क्रमांक असेल तर १९७४ नंतरचं. त्याआधी हा क्रमांक अकरा आकडी होता.

हे महत्त्वाचं अशासाठी, की अमेरिकी हवाई दलाने १९८८ मध्ये ए-२ पुन्हा सुरू केलं. ही जॅकेटं खरीखुरी लष्करी आहेत, पण महायुद्धातली नाहीत. विक्रेता खोटं बोलत नसतानाही घोटाळा होतो तो इथे. आणखी एक सोपी खूण म्हणजे हात उबदार ठेवण्यासाठी बाजूने हात घालायचे खिसे. युद्धकाळातल्या ए-२ ला ते नव्हते.

आता सावधगिरी. जपान, ब्रिटन आणि अमेरिकेत जुन्या जॅकेटांच्या हुबेहूब प्रती बनवणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्या जुनं लेबलही तसंच विणतात. त्या स्वतः प्रत म्हणूनच विकतात, पण तेच जॅकेट तिसऱ्या हाताला जाईपर्यंत 'ओरिजिनल' झालेलं असतं. म्हणून एकट्या लेबलवर थांबू नका.

चेन आणि दोरा तपासा

युद्धकाळातली चेन धातूची असते. अमेरिकी जॅकेटवर टॅलन, क्राउन, कॉनमार ही नावं दिसतात. प्लास्टिकची किंवा नायलॉनची चेन, किंवा 'वायकेके' हे जपानी नाव दिसलं, तर ती चेन मूळची नाही. मात्र त्यावरून अख्खं जॅकेट नकली ठरवू नका. चेन सगळ्यात आधी बिघडते आणि बदलली जाते. शेजारी जुन्या शिवणीची रिकामी भोकं दिसतात का ते पाहा. दिसली, तर चेन बदललेली असण्याची शक्यता मोठी.

दुसरी चाचणी नोटा तपासायच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चची. आजचे कृत्रिम दोरे आणि पांढरं कापड या प्रकाशात बहुतेकदा लख्ख चमकतं, जुना सुती दोरा सहसा चमकत नाही. आधुनिक साबणाने धुतलेलं कापडही चमकतं, म्हणून ही खूण इतर खुणांसोबतच धरायची.

भारताशी नातं सांगणाऱ्या खुणा

१९४२ पासून अमेरिकी वैमानिक आसाममधून हिमालयावरून चीनला रसद नेत होते. उंचावर थंडी असायची, त्यामुळे चामडी जॅकेटं कामाची होती. चीन-बर्मा-भारत आघाडीचं त्यांचं चिन्ह म्हणजे एक ढाल. वर निळ्या भागात चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. ही चिन्हं भारतातल्या कारागिरांनी रंगीत चामड्याचे तुकडे जोडून किंवा जरीने भरून हाताने बनवली. आज संग्राहक तीच शोधतात, म्हणून त्यांच्या नकलाही होतात. चिन्हाची कड हलकेच उचलून पाहा. खालचं चामडं आजूबाजूपेक्षा गडद आणि ताजं असेल, तर ते तिथे बराच काळ आहे. सगळीकडे रंग सारखाच असेल, तर संशय घ्या.

बर्माच्या आघाडीवर कमी उंचीवर उडणाऱ्या भारतीय वैमानिकांची गोष्ट वेगळी. मुंबईत जन्मलेले आणि १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख राहिलेले हृषीकेश मुळगावकर याच आघाडीवर लढले. तिथल्या उकाड्यात सुती कपडेच जास्त वापरात होते. म्हणून 'बर्मात घातलेलं जाड लोकरी जॅकेट' असं कुणी सांगितलं, तर आणखी पुरावा मागा.

भारतीय हवाई दलाच्या नावातही तारीख दडली आहे. 'रॉयल' हा शब्द मार्च १९४५ मध्ये जोडला गेला आणि २६ जानेवारी १९५० ला गेला. जॅकेटसोबत ठेवलेल्या कागदावर किंवा बिल्ल्यावर 'आरआयएएफ' असेल, तर तो या पाच वर्षांतला.

सापडलं तर काय करू नये?

धुऊ नका, उन्हात घालू नका, तेल, व्हॅसलीन किंवा बूट पॉलिश लावू नका. फाटलं असेल तरी लेबल, चेन, अस्तर काढून नवं बसवू नका. दुरुस्तीच्या नादात तारीख सांगणारा पुरावाच कचऱ्यात जातो. बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून, मोकळ्या सावलीत, मऊ ब्रशने झाडा. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती कापडात ठेवा, जाड हँगर वापरा आणि पावसाळ्यात मधूनमधून हवा द्या.

आणि जॅकेटसोबतचे कागद जपा. लॉगबुक, नेमणुकीचं पत्र, ते जॅकेट घातलेला एखादा फोटो. जॅकेट कधी शिवलं हे लेबल सांगेल, पण ते कुणाच्या अंगावर होतं हे कागदच सांगतील. घरात ती हकीकत माहीत असलेलं कुणी असेल, तर आजच विचारून लिहून ठेवा.