वेतनवाढ रोखणे : शिक्षा कुठे संपते?

मागच्या वेळी आपण शिक्षेच्या तात्त्विक आधाराविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, शिस्तभंगाची कारवाई झाली म्हणून पगारवाढ थांबवता येते का?" वरवर हा कार्यालयातला प्रश्न. पण मुळात तो शिक्षेच्या मर्यादेचाच प्रश्न आहे, म्हणून आज तो घेऊ.

थोडक्यात उत्तर असं : थांबवता येते, पण शिक्षा म्हणून, नियमाप्रमाणे आणि लेखी आदेशाने. गुपचूप नाही.

आधी एक भेद करू. सरकारी नोकरीतली वार्षिक वेतनवाढ ही साहेबांची मर्जी नव्हे. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांपैकी २४ वा नियम पाहा. रोखली नसेल तर वेतनवाढ नेमाने मिळायचीच, असं तो सांगतो. रोखायची असेल तर किती काळ, आणि पुढच्या वाढींवर परिणाम होणार की नाही, हे आदेशात नमूद करावं लागतं. खासगी कंपनीत वाढ पुष्कळदा व्यवस्थापनाच्या निर्णयावर असते. तिथे नेमणूकपत्र, स्थायी आदेश किंवा युनियनशी झालेला करार काय म्हणतो, ते आधी वाचायचं.

आपल्या राज्यात महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ आहेत. त्यांत ठपका ठेवणं ही एक किरकोळ शिक्षा आणि वेतनवाढ रोखणं ही दुसरी, वेगळी शिक्षा. किरकोळ म्हटली तरी आरोप लेखी कळवून त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.

आता 'किरकोळ' या शब्दाने फसू नका. समजा, मूळ वेतन ४०,००० रुपये आहे. ३ टक्क्यांनी वाढ झाली १,२०० रुपये. ती एक वर्ष रोखली आणि नंतर पूर्ववत केली, तर नुकसान १४,४०० रुपये, वर महागाई भत्ता. पण तीच वाढ 'पुढील वेतनवाढींवर परिणाम करून' रोखली, तर माणूस कायम एक पायरी मागे राहतो. नोकरीची १५ वर्षं उरली असतील तर किमान २,१६,००० रुपये गेले, आणि निवृत्तिवेतनही घटलं. म्हणूनच कुलवंतसिंग गिल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं, की अशी कायमची रोख ही मोठी शिक्षा आहे. रीतसर चौकशीशिवाय ती देता येत नाही.

दंड कडक असावा की सौम्य? कौटिल्य म्हणतो, कडक दंडाने लोक धास्तावतात, सौम्य दंडाने राजाला कोणी जुमानत नाही. योग्य दंड देणाराच मान मिळवतो. योग्य म्हणजे मोजलेला. आणि मोजायचं तर शेवट ठरलेला हवा.

आम्ही नोकरीत असताना एका लिपिकाला हजेरीपटातल्या चुकीबद्दल ठपका मिळाला. प्रकरण मिटलं. पण पुढच्या जुलैत त्यांची वेतनवाढ लागली नाही. आदेश नाही, कारण नाही. ते आमच्याकडे आले, तेव्हा "होईल हो, थोडं थांबा," एवढंच आम्ही म्हटलं. शिक्षेच्या सिद्धान्तावर तासन्‌तास बोलणारे आम्ही. शेजारच्या टेबलावरची दुसरी शिक्षा काही आम्हांला दिसली नाही. ते आजही सलतं.

मालकाची बाजूही समजून घेऊ. यंदाचं काम मोजताना यंदाची चूक धरली, तर ते मूल्यमापन झालं. पण जिची शिक्षा भोगून झाली ती चूक दरवर्षी पुन्हा वाढ नाकारायला काढली, तर ते मूल्यमापन उरत नाही. ती न सांगता दिलेली शिक्षा होते.

तेव्हा वाढ थांबली तर भांडू नका, गप्पही बसू नका. एक साधा अर्ज द्या : कोणत्या आदेशाने, कोणत्या नियमाखाली आणि किती काळासाठी? आदेश असेल तर अपिलाची मुदत पाहा. नसेल तर तो नाही, हेच तुमचं म्हणणं.

आणि तुमच्याकडे असा कुणी विचारायला आला, तर "थांबा" म्हणू नका. अर्ज लिहायला त्याच्याशेजारी बसा.