आमिषावर कोयोटींची रात्रीची शिकार

प्राणी : कोयोटी (कॅनिस लॅट्रान्स) कुत्र्याच्या कुळातला, लांडग्याहून लहान, वजन साधारण ९ ते २० किलो. वावर अलास्कापासून पनामापर्यंत. मुख्यतः संध्याकाळी, रात्री आणि पहाटे हिंडतो. माणसाचा त्रास असेल तिथे अधिकच निशाचर होतो.

पद्धत : मेलेली गुरे किंवा रस्त्यावर मेलेली हरणे उघड्या जागी टाकतात. शिकारी वाऱ्याच्या खालच्या बाजूला, मचाणावर वा झोपडीत बसतो. कोयोटीचे नाक तीक्ष्ण. तो अनेकदा आमिषाला वळसा घालून वारा हुंगतो, मगच जवळ येतो. त्यामुळे माणसाचा वास लागू न देणे हाच या शिकारीचा गाभा. हिवाळ्यात अन्न दुर्मिळ असते आणि मांस गोठून टिकते, म्हणून हा हंगाम सोयीचा.

साधने : पूर्वी लाल दिवा, आता उष्णतादर्शक दुर्बीण. ती शरीराची उष्णता टिपते, उजेड लागत नाही. मात्र दूरवरचा ठिपका कोयोटीचा की पाळीव कुत्र्याचा, हे ओळखणे अवघड जाते.

कायदा : अमेरिकेत राज्यागणिक वेगळा. मेनमध्ये रात्रीच्या शिकारीला खास परवाना लागतो.

विषाचे आमिष : ही वेगळी पद्धत. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये संघराज्याच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरण्यावर निर्बंध घातले.

धोका : शिशाच्या गोळीने मारलेले कोयोटी तसेच पडून राहिले, तर ते खाणाऱ्या गरुडांना शिशाची विषबाधा होते.